बटरफ्लायला आत्ता नाही म्हण

अगं पोरी, तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. 24 व्या वर्षी पुच्चीनीच्या 'मादाम बटरफ्लाय' ऑपेरातली अख्खी मुख्य भूमिका मिळतेय, थिएटर छोटं असलं तरी जर्मनीतलं आहे, एजंट म्हणतोय आत्ता नाही म्हणालीस तर परत कोणी विचारणार नाही, आणि तू विचारतेयस काय करू. नाही म्हण. उत्तर एवढंच आहे, पण तेवढ्यावर तू गप्प बसणार नाहीस म्हणून लिहितेय.

गोष्टीतली चो-चो-सान, म्हणजेच बटरफ्लाय, 15 वर्षांची आहे, म्हणून लोकांना वाटतं तरुण मुलीनेच गावी. पुच्चीनीने ती कोवळ्या गळ्यासाठी लिहिलेलीच नाही. एकदा एंट्री झाली की ती जवळजवळ शेवटपर्यंत स्टेजवर, पहिल्या अंकाच्या शेवटी ते भलंमोठं द्वंद्वगीत, आणि स्टेजपुढच्या खड्ड्यात, पिटात, भरगच्च ऑर्केस्ट्रा. माइक नाही. तू म्हणतेस वरचे सूर आरामात लागतायत. लागणारच गं, तुझा वरचा आवाज सुरेखच आहे, पण बटरफ्लाय मारते ती मधल्या सप्तकात, बोलल्यासारखं गायचं आणि तेही त्या ऑर्केस्ट्रावरून, मग पोरी तिथे जोर लावतात, आणि मधला आवाज जड झाला की काही सीझनमध्ये वरचा हलायला लागतो.

इटलीची मोठी ऑपेरा गायिका मिरेल्ला फ्रेनी बघ. 10 वर्षांची असताना रेडिओच्या स्पर्धेत तिने याच बटरफ्लायचं 'उन बेल दी' हे गाणं गायलं होतं, तर त्या काळचा मोठा गायक बेनिआमिनो जिल्लीने सांगितलं, मोठी होईपर्यंत गाणं बंद ठेव, आणि तिने ठेवलं, 17 व्या वर्षी परत सुरू केलं. 1955 ला मोदेनात 'कारमेन'मधली मिकाएला म्हणून पहिल्यांदा उभी राहिली. पुढे कारायानसारख्या बड्या कंडक्टरने तुरांदोची जड भूमिका विचारली, कारायानने! तरी नाही म्हणाली. बटरफ्लाय तिने 1974 ला त्याच्याचबरोबर रेकॉर्ड केली, फिल्म केली, पुढे कंडक्टर सिनोपोलीबरोबर पुन्हा रेकॉर्ड केली, पण स्टेजवर अख्खी कधीच गायली नाही. आणि 2005 मध्ये, सत्तरीत, ती अजून ऑपेरात उभी होती. सत्तरीत!

मारिया कॅलास या गायिकेचं नाव पुढे करू नकोस. 1949 ला वेनिसमध्ये काही दिवसांच्या अंतराने वाग्नरची जड ब्रुनहिल्ड आणि बेल्लिनीची हलकी, तानांची एल्विरा गायली, मान्य, तसं दुसरं कोणी नाही. पण 1965 ला लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये पुच्चीनीची टोस्का गाऊन तिचा ऑपेरा संपला तेव्हा ती 41 ची होती. का संपला यावर लोक अजून भांडतात, मी भांडणार नाही, फक्त तो आकडा लक्षात ठेव.

मलाही तिशीच्या आत टोस्का विचारली होती. नाही म्हटलं. त्या थिएटरने परत कधी बोलावलं नाही, जिने घेतली तिचे फोटो वर्षभर सगळीकडे, आणि टोस्का माझ्या वाट्याला आलीच नाही. दुखतं, अजून दुखतं, टोस्काचं 'विस्सी दार्ते' हे गाणं लागलं की मी उठून आत जाते. म्हणून मी चुकले का? नाही. साठी उलटल्यावरही तुम्हा शिष्यांसमोर मोझार्टच्या 'फिगारो'तल्या सुझान्नाचं चौथ्या अंकातलं गाणं अख्खं गाऊन दाखवते की नाही? ऐकलंयस ना तू? मग मला घाबरट म्हणणाऱ्यांनी यावं आणि तेवढं गाऊन दाखवावं.

एजंटचं पोट आत्ताच्या करारावर आहे, तुझं पुढच्या तीस वर्षांवर. तो वाईट माणूस नाही, पण गळा तुझा आहे. त्याला लिही की आत्ता नाही, पाचेक वर्षांनी विचारा, तोवर सुझान्ना, पमिना, मिकाएला, म्युझेट्टा अशी हलकी भूमिका कुठलीही द्या, मी तयार आहे. कारणं देत बसू नकोस, माफी तर अजिबात मागू नकोस. तो चिडेल, चिडू दे. आई फोनवर रडेल की एवढी संधी घालवलीस, तिला माझ्याकडे पाठव, मी बोलते.

मेल आजच टाक, उद्यावर ढकललंस तर हो म्हणशील, मला माहितीये तू कशी आहेस. आणि शनिवारी ऑनलाइन बसू तेव्हा पमिनाचं 'आख, इश फ्यूल्स' हे गाणं काढून ठेव, तिथल्या लांब ओळींत तू अजून अर्ध्यातच श्वास घेतेस.