जनुकांचा नकाशा हाती असताना पीक सुधारण्यासाठी प्रथिनं कशाला तपासायची?

कारण जनुक म्हणजे नुसती लिहिलेली सूचना. पेशीत राबतात ती प्रथिनं. जनुक आहे म्हणून प्रथिन बनेलच, आणि बनलं तरी ते कामाला लागलेलं असेलच, असं नाही. पाण्याचा ताण पडला की पानात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, एसएनआरके२ या संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढतो आणि पर्णरंध्रं मिटतात. हा फॉस्फेट डीएनए वाचून दिसत नाही, मास स्पेक्ट्रोमेट्रीत, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या तंत्रात, दिसतो.

मला सगळ्यात आवडतं ते गव्हाचं उदाहरण. कणकेचा चिवटपणा बराचसा ग्लुटेनिन प्रथिनांवर ठरतो. त्यातली ५+१० ही (५ आणि १० क्रमांकाच्या उपघटकांची) जोडी असलेला गहू पावासाठी चांगला. पैदासकार दाणा कापून अर्ध्या भागातली प्रथिनं जेलवर (विजेच्या मदतीने प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) तपासतात आणि अंकुराकडचा अर्धा पेरतात. दळून, भाजून बघायला पुरेसं धान्य होईपर्यंत थांबावं लागत नाही. कित्येक हंगाम वाचतात!

मोठी अडचण रुबिस्कोची, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या प्रथिनाची. गहू-भातासारख्या पिकांच्या पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी जवळपास निम्मं तेच असू शकतं, त्यामुळे थोडकी पण मोलाची प्रथिनं झाकली जातात. आधी ते बाजूला काढावं लागतं. आणि हो, प्रथिन सापडलं म्हणजे वाण तयार झालं नाही. त्यामागचं जनुक शोधून, मार्कर (ते जनुक ओळखायची डीएनएतली खूण) बनवून, शेतात पडताळावं लागतं.