डी५३०० वर ५० मिमी लेन्सचा फोकस का लागत नाही, आणि आठ हजारांत काय घ्यावे

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे की निकॉन डी५३०० सोबत १८-५५ मिमी ही एकच झूम लेन्स आहे, नवरात्रात गरब्याची आणि घरी गणपतीची छायाचित्रे घ्यायची आहेत, हाताशी आठ हजार रुपये आहेत आणि शहरातल्या एका विक्रेत्याने ५० मिमी एफ/१.८ डी ही जुनी लेन्स पाच हजारांत देऊ केली आहे. ती तुमच्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करत नाही, पण ‘एकदा सर्व्हिस करून घेतली की चालेल’ असे त्याचे म्हणणे आहे. हे शेवटचे वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसलो, कारण त्याच वाक्यापायी माझे पैसे आणि एक अख्खे नवरात्र गेले आहे. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालतो. मी हौशी माणूस आहे, दुरुस्तीतला जाणकार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

ती लेन्स बहुधा बिघडलेली नाही. तिच्यात फोकसची मोटर मुळातच नसते. निकॉनने १९८६ साली एफ-५०१ हा कॅमेरा काढला तेव्हा मोटर कॅमेऱ्यात ठेवली आणि माउंटमधून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यातून, बाहेर येणाऱ्या एका छोट्या दांड्याने लेन्सची आतली यंत्रणा फिरवण्याची सोय केली. डी९०, डी७०००, डी७२०० यांसारख्या कॅमेऱ्यांत ती मोटर आणि तो दांडा आहे. डी३००० आणि डी५००० या मालिकांतून किंमत आणि वजन कमी राखण्यासाठी तो काढून टाकलेला आहे. त्यामुळे ‘डी’ प्रकारची लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर बसते, प्रकाशही बरोबर मोजते, मात्र फोकस हातानेच करावा लागतो. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर स्क्रूच्या डोक्यासारखी खाच दिसली, तर तिला कॅमेऱ्याची मोटर लागते, ही हमखास खूण आहे. (खाच नाही म्हणजे मोटर आहेच असे मात्र नाही, पूर्णपणे हाताने चालणाऱ्या जुन्या लेन्सनाही खाच नसते.) कॅनन वापरणाऱ्यांपुढे हा प्रश्न येत नाही, कारण १९८७ पासूनच्या त्यांच्या ईएफ माउंटमध्ये ऑटोफोकसची मोटर लेन्सच्याच पोटात असते.

माझ्याकडे तेव्हा डी३२०० होता आणि लेन्स हीच, एका नातेवाइकांकडून आलेली. गणपतीच्या आत ती चालू व्हावी म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मी ती कंपनीची पाटी लावलेल्या एका दुरुस्ती केंद्रात नेली. नाव आणि गाव लिहीत नाही. तिथली माणसे एव्हाना बदललीही असतील आणि सगळीच केंद्रे तशी नसतात. खिडकीवरच्या गृहस्थांनी लेन्स माझ्याच कॅमेऱ्यावर लावून पाहिली, फोकस झाला नाही, आणि त्यांनी पावतीवर लिहिले, ‘ऑटोफोकस मोटर निकामी’. तपासणी शुल्क घेतले, सुट्या भागासाठी आगाऊ रक्कम घेतली आणि भाग परदेशातून यायचा असल्याने थोडा वेळ लागेल असे सांगितले. ज्या लेन्समध्ये कारखान्यातच मोटर घातलेली नाही तिची मोटर निकामी ठरवणारी ती पावती मी अजून जपून ठेवली आहे.

पुढे दूरध्वनी केला की ‘येत्या सोमवारी विचारा’ एवढेच उत्तर मिळे. गणपती येऊन गेले, नवरात्र १८-५५ वर कसेबसे पार पडले. गरब्यात मी टिपलेल्या माणसांना चेहरे नव्हते, नुसते रंगांचे पट्टे होते. दिवाळीच्या सुमारास लेन्स परत मिळाली तेव्हा सोबतच्या कागदावर ‘भाग उपलब्ध नाही, दुरुस्ती अव्यवहार्य’ असा शेरा होता आणि आगाऊ रक्कम ‘सेवा शुल्क’ या नावाखाली वळती करून घेतलेली होती. घरी येऊन टॉर्च लावून पाहिले तर पुढच्या काचेच्या कडेला आतून पांढुरके तंतू पसरले होते. लेन्स पावसाळाभर कुठल्या तरी ओलसर फडताळात पडून राहिली आणि तिला बुरशी लागली. मी तक्रार केली तर ‘ती आधीपासूनच असेल’ असे उत्तर आले, आणि ते खोडून काढायला माझ्यापाशी काही नव्हते, कारण पावतीवर काचेच्या अवस्थेबद्दल एक शब्दही नव्हता.

खरे काय ते बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्यांनी सांगितले. त्यांनी माझी लेन्स त्यांच्या डी९० वर चढवली, बटण अर्धे दाबले, आणि ती खर्रकन फिरून फोकस झाली. त्यांनी एक पैसाही घेतला नाही. मोटर असलेला कॅमेरा त्या केंद्रातही असणारच. तो एकदा लावून पाहण्याचे कष्ट तिथे कोणी घेतले नाहीत, याचा राग मला अजून येतो. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर आगाऊ रक्कम परत आली, तपासणी शुल्क आले नाही. कोणाला पुढे जायचे असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. दुरुस्तीला काहीही देताना पावतीवर अनुक्रमांक, ‘काच स्वच्छ, बुरशी नाही’ अशी नोंद आणि ‘अंदाजपत्रकाला संमती दिल्याशिवाय काम करू नये’ हे वाक्य लिहवून घ्या, आणि खिडकीवरच लेन्सची छायाचित्रे काढून ठेवा. समोरचा माणूस कुरकुर करील, करू द्या.

आता तुमच्या आठ हजारांकडे येऊ. माझे स्पष्ट मत असे आहे की तुम्ही एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८ जी ही लेन्स सेकंडहँड शोधावी (‘एएफ-एस’ म्हणजे लेन्समध्येच मोटर, ‘डीएक्स’ म्हणजे तुमच्यासारख्या लहान सेन्सरसाठी बनवलेली). ती २००९ पासून बाजारात असल्याने जुनी मिळणे अवघड नाही, आणि तिच्यात स्वतःची मोटर आहे. ५० मिमीपेक्षा ३५ का, तर आपल्याकडच्या खोल्यांमुळे. तुमच्या सेन्सरवर ५० मिमी लेन्स दहा फुटांवरून उभ्या चौकटीत सुमारे ४.७ फूट उंची सामावते, म्हणजे उभा माणूस पायांत कापला जातो. ३५ मिमी तेवढ्याच अंतरावरून ६.७ फूट घेते. जुन्या वाड्यातल्या खोलीत गणपतीची आरास आणि आरती करणारी माणसे एकत्र घ्यायची असतील, तर मागे सरकायला भिंत आड येते. गरबा मैदानाच्या कडेवरूनच टिपणार असाल आणि घरची छायाचित्रे दुय्यम असतील, तर एएफ-एस ५० मिमी एफ/१.८ जी घ्या. मात्र नावात ‘एएफ-एस’ ही अक्षरे आहेत ना, ते नीट वाचा.

तुमच्या मित्राने सुचवलेली स्वस्त ७०-३०० जी ही झूम लेन्स तर अजिबात घेऊ नका. ‘जी’ याचा अर्थ फक्त अ‍ॅपर्चरचे कडे नाही एवढाच आहे. एएफ ७०-३०० एफ/४-५.६ जी या लेन्समध्येही मोटर नाही, म्हणजे तुम्ही एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडाल. शिवाय रात्रीच्या मैदानात एफ/५.६ चा उपयोग काय? एफ/१.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. १८-५५ च्या ५५ मिमी टोकाला आयएसओ ६४०० ठेवून जिथे १/६० सेकंद मिळतो, तिथे एफ/१.८ ला साधारण १/५०० मिळतो, आणि गिरकी घेणारी चनियाचोळी त्यावेळेतच थांबते. किंमत मोजावी लागते ती फोकसच्या खोलीची: ३५ मिमीवर तीन मीटर अंतरावर एफ/१.८ ला स्पष्ट भाग जेमतेम अर्धा मीटर खोल असतो, ५० मिमीवर त्याच्याही निम्मा. म्हणून मी धावत्या माणसामागे फोकस नेत नाही. गरब्याचे वर्तुळ फिरतच असते. जमिनीवरची एक जागा धरून तिथे फोकस पक्का करतो आणि माणसे तिथे येण्याची वाट पाहतो.

याच युक्तीने ‘डी’ लेन्सही वापरता येते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. व्ह्यूफाइंडरमधला फोकसदर्शक ठिपका स्थिर झाला की फोकस लागला असे समजावे. अ‍ॅपर्चरचे कडे २२ वर नेऊन अडकवावे लागते, नाहीतर ‘एफईई’ अशी सूचना लुकलुकते. तोही बिघाड नव्हे. तीन हजारांच्या आत स्वच्छ नग मिळाला तर हौस म्हणून घ्यायला माझी हरकत नाही, पण सर्व्हिसचे आमिष दाखवून पाच हजार मागणाऱ्याकडून घेऊ नये.

जुनी लेन्स घेताना ती स्वतःच्या कॅमेऱ्यावर, उजेडात लावून पाहा. अ‍ॅपर्चर उघडे ठेवून मागून टॉर्च तिरकी धरली की तंतू, धुके आणि ओरखडे दिसतात. बारीक धूळ असली तर चालते, तंतू चालत नाहीत. विटांच्या सपाट भिंतीचे एफ/२.८ ला समोरासमोर छायाचित्र घेऊन चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच सरकलेली आहे. माउंटच्या स्क्रूंवर गंज असेल तर लेन्सला पाणी लागले होते का, हे सरळ विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी आपल्याकडे बडोद्यात कुठवर शिरले होते हे तुम्हाला सांगायला नको.

बुरशीला ओल लागते, म्हणून पावसाळ्यात लेन्स कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात निळ्या सिलिका जेलसह ठेवा, आणि दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करून घ्या. डब्यात शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक टाकता आला तर उत्तम; तो ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे.

यूव्ही फिल्टरबद्दल तुम्ही विचारले आहे. ३५ मिमीला ५२ मिमीचा फिल्टर लागतो, म्हणजे तुमच्या १८-५५ चाच बहुधा बसेल (कड्यावर लिहिलेला आकडा ताडून पाहा), आणि ५० मिमी एएफ-एसला ५८ मिमीचा. गुलालात आणि धुळीत तो लावा, पण गरब्याच्या मैदानात काढून ठेवा, कारण स्वस्त फिल्टरच्या सपाट काचेमुळे हॅलोजनचे हिरवट ठिपके चौकटीभर उमटतात. त्याऐवजी लेन्ससोबत हूड (बाजूचा प्रकाश अडवणारे तोंडावरचे कडे) मिळतो का ते विक्रेत्याला विचारा. ३५ मिमीच्या मूळ खोक्यात तो येतो.