ॲक्ट्रॅपिडवरून फियास्पवर जाताना युनिट तेच ठेवायचे का? अर्धा तास थांबायचं का?

तुम्ही लिहिलंय की तासगावात राहणाऱ्या तुमच्या ६२ वर्षांच्या वडिलांना मधुमेहासाठी तिन्ही जेवणांआधी ॲक्ट्रॅपिड हे इन्सुलिन १२-१०-१२ युनिट आणि रात्री ग्लार्जीन हे दिवसभर पुरणारं इन्सुलिन २० युनिट चालू होतं. आता सांगलीच्या डॉक्टरांनी ॲक्ट्रॅपिड बंद करून जेवणाआधी फियास्प हे जास्त झटपट चालणारं इन्सुलिन दिलंय, ग्लार्जीन तेच. युनिट तेवढेच का, आणि टोचून अर्धा तास थांबायचं का, हा प्रश्न.

अर्धा तास अजिबात थांबू नका. ॲक्ट्रॅपिडचा असर सुरू व्हायलाच साधारण अर्धा तास लागतो, जोर दोन ते चार तासांनी येतो आणि मागचा असर सहा-आठ तास रेंगाळतो. फियास्प म्हणजे नोव्होरॅपिड नावाने मिळणारं ॲस्पार्ट इन्सुलिनच, पण त्यात ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप मिसळल्यामुळे ते कातडीखालून रक्तात लवकर शिरतं. ताट समोर आल्यावर, पहिल्या घासाच्या फार तर दोन मिनिटं आधी ते टोचायचं. राहून गेलं तर जेवायला सुरुवात केल्यापासून २० मिनिटांच्या आत चालतं. त्याहून उशीर झाला तर पूर्ण डोस मागाहून टोचू नका. साखर तपासा, डॉक्टरांना विचारा, पुढच्या जेवणाचा डोस नेहमीसारखा. जुन्या सवयीने टोचून वडील बागेत एक चक्कर मारायला गेले, तर जेवण पोटात जाण्याआधीच साखर खाली येईल.

युनिट साधारण तेवढ्यालाच तेवढे धरून सुरुवात करतात. साखर वारंवार कमी होत असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर आधीच कमी करतात. डॉक्टरांनी आकडा लिहिला नसेल तर फोन करून विचाराच, अंदाजाने ठरवू नका.

आता एक गोष्ट, जी बहुतेक घरांत कुणी सांगत नाही. ॲक्ट्रॅपिडवर असताना अकरा वाजता चहाबरोबर मूठभर भडंग किंवा दोन बिस्किटं खायला सांगतात, कारण त्या वेळी इन्सुलिन जोरात असतं. फियास्प तोवर ओसरायला लागलेलं असतं. तेच भडंग आता साखर वाढवेल, आणि मग ‘नवीन इन्सुलिन लागूच पडत नाही’ असं वाटेल. ग्लार्जीन बरोबर बसलं असेल तर मधलं खाणं सक्तीचं राहत नाही. मात्र बागेत छाटणीचं किंवा औषध मारायचं काम असेल त्या दिवसाचा डोस आणि खाणं वेगळं ठरवून घ्या.

साखर घसरण्याची वेळही अलीकडे येते. आधी ती जेवणानंतर तीन-चार तासांनी असायची, आता एक-दोन तासांत. त्यामुळे पहिला आठवडा जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासा, जमलं तर एका तासानेही. ज्वारीची भाकरी, उसळ, किंवा रविवारचं तेलकट मटण हळू पचतं. एका तासाला ९० आणि चार तासांनी २४० असं दिसलं तर डोस चुकीचाच आहे असं नाही. इन्सुलिन जेवणाच्या पुढे पळतंय. अशा वेळी पहिल्या घासाबरोबर किंवा थोडं नंतर टोचण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. दोन तासांनी आकडा जास्त दिसला म्हणून लगेच आणखी चार युनिट टोचू नका. आधीचं अजून काम करत असतं आणि दोन्ही मिळून खाली ओढतात.

७० च्या खाली गेलं तर तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. कंदी पेढा नको. खव्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. ग्लुकोजची पुडी शर्टाच्या खिशात राहू द्या, घरच्या फडताळात असून उपयोग नाही. बेशुद्ध असतील तर तोंडात काही ओतू नका, थेट दवाखाना.

मला सर्वात जास्त भीती सिरिंजची वाटते. जुनी ॲक्ट्रॅपिडची बाटली ४० ताकदीची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, तिची लाल टोपणाची सिरिंज. फियास्प १०० ताकदीचं. फियास्प टोचायचं पेन बिघडलं म्हणून त्या सिरिंजने पेनातल्या काडतुसातून १२ रेघा ओढल्या तर अंगात ३० युनिट जातात. पेन बिघडलं तर नवं पेन आणा, दुसरा उपाय शोधू नका.

दुसरी गफलत रात्रीची. ग्लार्जीन आणि फियास्प दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, रंगाने ओळखू येत नाहीत. फियास्पच्या पेनाला जाड रबरबँड गुंडाळा, म्हणजे अंधारातही बोटाला कळेल. चुकून रात्री २० युनिट फियास्प गेलंच तर झोपू देऊ नका. ताबडतोब गोड आणि भात-पोळी द्या, दर अर्ध्या तासाला तपासत डॉक्टरांना फोन लावा.

पेनात दर वेळी नवी सुई, आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतोय का बघायचं, टोचल्यावर निदान सहा सेकंद सुई आत ठेवायची. पोटावर गाठ झालेली जागा टाळा, तिथून इन्सुलिन कधी उशिरा, कधी अचानक शोषलं जातं. वर्षानुवर्षं गाठीतच टोचत आला असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण चांगल्या कातडीत तेवढेच युनिट जास्त पडू शकतात. चालू पेन ३० अंशांच्या खाली २८ दिवस टिकतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये ते घरातल्या गार जागी ठेवा; काडतूस न बदलता येणारं तयार पेन असेल तरच फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि बागेत नेताना गाडीच्या डिकीत टाकू नका.