‘आय ॲम सपोज टू गो’ बरोबर की चूक? ‘सपोज’ वाक्यात कसं वापरायचं?

चूक. ‘सपोज्ड टू’ पाहिजे. बोलताना ‘ड’ पुढच्या ‘टू’त मिसळतो, ऐकू येत नाही. लिहिताना गाळला की वाक्य पडलं.

या ‘ड’पायी मी बोलणी खाल्ली आहेत, म्हणून लिहितो. १९९६ साली नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पत्रव्यवहार बघायचो. रायपूरला निघालेला संत्र्यांचा ट्रक देवरीजवळ बंद पडला. मंगळवारी पार्टीला कळवायला मी टाइप केलं, ‘द ट्रक वॉज सपोज्ड टू रीच ऑन मंडे.’ सोमवारी पोचायला पाहिजे होता, पोचला नाही. हा ‘नाही’ न लिहिताच कळतो, तीच त्या ‘वॉज’ची करामत. साहेबांनी लाल पेनाने ‘वॉज’ कापला, ‘ड’ही कापला. चार लोकांसमोर म्हणाले, “सपोज म्हणजे समजा. इतकंही येत नाही? म्हणून मराठी शाळेतली पोरं घ्यायची नाही.” मी इंग्रजी पाचवीपासून शिकलेला. गप्प राहिलो. दुरुस्त केलेला फॅक्स गेला आणि दहा मिनिटांत पार्टीचा फोन, “कोणता सोमवार? पुढचा का?” शिव्या मीच ऐकल्या. लाल रेघांचा तो कागद अजून माझ्या फाइलीत आहे.

‘सपोज म्हणजे समजा’ हे फक्त वाक्याच्या सुरुवातीला खरं. ‘सपोज इट रेन्स’, समजा पाऊस आला. तिथे ‘सपोज इफ’ करू नका; ‘समजा जर’ मराठीत चालतं, इंग्रजीत दोन्हींपैकी एकच पुरतो. ‘आय सपोज ही इज ॲट होम’ म्हणजे ‘असेल घरी’. आपलं ते ‘असेल’ म्हणजेच ‘आय सपोज’. नकार असला तर ‘आय डोन्ट सपोज ही विल कम’, अगदी आपल्या ‘मला नाही वाटत तो येईल’सारखं. आणि नागपूरकरांनो, आपण ‘मले वाटून राहिलं’ म्हणतो म्हणून तिकडे ‘आय ॲम सपोजिंग’ होत नाही. नुसतं ‘आय सपोज’.

‘सपोज’च्या जवळचे आणखी दोन शब्द. ‘अझ्यूम’ म्हणजे पुराव्याशिवाय गृहीत धरणं. ‘प्रिझ्यूम’मध्ये अंदाजाला थोडाफार आधार असतो. इतका फरक कामापुरता पुरे.

एक राहिलंच. ‘सपोज्ड टू’ म्हणजे दर वेळी ‘पाहिजे’ नाही. ‘द हॉटेल इज सपोज्ड टू बी गुड’ म्हणजे ‘हॉटेल चांगलं आहे म्हणे’. आणि वडीलधाऱ्यांना ‘यू आर सपोज्ड टू’ लिहू नका, जाब विचारल्यासारखं वाटतं.

तुमचं बरोबर वाक्य कोणी कापलं तर मात्र तिथल्या तिथे डिक्शनरी उघडून त्याच्यासमोर ठेवा, साहेब असला तरी. माझी त्या दिवशी ड्रॉवरमध्येच होती.