मेळ्यातली सूट नक्की कुणाची?

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा लागला की या सदराला येणाऱ्या पत्रांत निम्मी तरी गाडीचीच असतात. मी बारा वर्षं एका शोरूमच्या अकाउंट्समध्ये काढलीयत हे एकदा इथे लिहून बसलो, त्याचं हे फळ. चालायचंच. या वेळी चार पत्रं घेतोय, पहिल्याचं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

काका, आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दौलतगंजला राहतो. डिसेंबरात एक पेट्रोल हॅचबॅक बघितली होती, एक्स-शोरूम ८ लाख ४० हजार, तेव्हा सेल्समन ३५ हजार कमी करायला तयार होता. बाबा म्हणाले मेळा लागू दे, रोड टॅक्स अर्धा होतो. आता त्याच शोरूमच्या मेळ्यातल्या स्टॉलवर 'मेला ऑफर ५० हजार' असं कोटेशन मिळालंय (फोटो सोबत). डील चांगली आहे का अजून घासायचं?

घासायचं. आणि कोटेशनचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण खरी गंमत त्यातच आहे. टॅक्सच्या ओळीत पूर्ण ६८ हजार लिहिलेत आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात ५० हजार वजा केलेत. आता त्या ५० मधले ३४ हजार म्हणजे अर्धा टॅक्स, तो मध्य प्रदेश सरकारने सोडलाय, शोरूमवाल्याच्या खिशातून एक पैसा गेलेला नाही. त्याचे स्वतःचे उरले १६ हजार. डिसेंबरात हाच माणूस ३५ देत होता ना? म्हणजे सरकारने ३४ दिले आणि याने गुपचूप १९ परत काढून घेतले. बाबांनी महिनाभर थांबून तुमचे ३४ हजार वाचायला हवे होते, वाचले १५.

हे दर वर्षी होतं. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी हा मेळा सुरू केला तेव्हा तो गुराढोरांचा बाजार होता, आणि बैलाचे दात मोजल्याशिवाय तेव्हाही कोणी पैसे काढत नसणार. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तेव्हासुद्धा काही शोरूमवाले ती सूट आपलीच असल्यासारखी सांगत होते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, टॅक्स बाजूला ठेवा आणि तुमच्याकडून किती ते बोला.

तो म्हणेल, सर वो तो ईयर एंड की स्कीम थी. असेल, खोटंच बोलत असेल असं नाही. मग विचारा की ही गाडी कधी बनलीय. गेल्या वर्षीची असेल तर गेल्या वर्षीची सूटही मिळायला पाहिजे, गाडी जुनी आणि भाव नवा असं कसं चालेल.

आता बाकीच्या ओळी. हॅंडलिंग ९,५०० सरळ काट मारा. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो, परत कशाचे पैसे? 'हा चार्ज नक्की कशाचा ते बिलावर लिहून द्या' एवढं शांतपणे म्हणा, आवाज चढवायची गरज नाही, आमच्याकडे तर या एका वाक्यावर मॅनेजर स्वतः केबिनमधून बाहेर यायचा. तरीही अडून बसले तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

इन्शुरन्स ४६,५०० लावलाय. तो शोरूममधूनच घ्यायची कुठलीही सक्ती नाही. नव्या कारला ३ वर्षांचं थर्ड पार्टी कंपल्सरी आहे, सप्टेंबर २०१८ पासून, आणि त्याचा दर सरकारी असतो, २०२२ च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीला १०,६४० अधिक जीएसटी, कुठूनही घ्या तेवढाच. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या हप्त्यात आणि वरच्या ॲड-ऑनमध्ये. तोच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाची घट न कापणारं ॲड-ऑन) धरून दोन ठिकाणी ऑनलाइन कोटेशन काढा आणि प्रिंट घेऊन जा, फोनवर दाखवलेलं त्यांना दिसत नाही, कागद दिसतो. बऱ्याचदा ते तिथल्या तिथे मॅच करतात. करत असतील तर शोरूममधूनच घ्या, क्लेमच्या वेळी त्यांच्याच वर्कशॉपमध्ये कॅशलेसला सोपं जातं.

किट २८ हजारांचं. मॅट, मड फ्लॅप, बॉडी कव्हर, डोअर व्हायझर, एक परफ्यूमची बाटली, आणि तुमच्या फोटोत तर गणपतीची मूर्तीही ४५० ला धरलीय, ती तरी बाड्याच्या बाजारातून आणा हो. सीट कव्हर, मॅट बाहेरून खुशाल घ्या, पण वायरिंग कापावी लागेल असं काही बाहेर बसवू नका, वॉरंटीला भांडण होतं. एक्सटेंडेड वॉरंटी वाईट नाही, पण आजच पाहिजे असं नाही, बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत ती नंतरही देतात, थोडी महाग पडते एवढंच.

वॉरंटी आणि किरकोळ फी धरून तुमच्या कोटेशनची बेरीज ९ लाख ५९ हजार होते. माझ्या हिशोबाने ८,४० मधून ३५ गेले, अर्धा टॅक्स ३४ आला, इन्शुरन्स समजा ३५ पडला, वर फास्टॅग आणि रजिस्ट्रेशनची किरकोळ फी, म्हणजे पावणेनऊच्या आसपास. तुम्ही पावणेनऊ बोला, ते नऊ-तीस म्हणतील, आठ-नव्वदपर्यंत आले आणि वॉरंटी त्यातच बसवली तर चेक देऊन टाका. पण बोलायचं ते ऑन-रोडच्या एका आकड्यावर, 'किती डिस्काउंट' या शब्दावर नाही, कारण एका ओळीत दिलेलं दुसऱ्या ओळीत काढून घेणं हेच तर तिथलं काम असतं. आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरचं कोटेशन खिशात असू द्या. रविवारी संध्याकाळी तर जाऊच नका, एका हातात मेळ्याचा तो थाळीएवढा पापड, दुसरा हात पोरं झुल्याकडे ओढतायत, असा माणूस आला की सेल्समन मनातल्या मनात पेढे वाटतो. मंगळवार-बुधवारी दुपारी जा.

इंदूरहून लिहितोय. साडेतेरा लाखांची गाडी घ्यायचीय. इथला डीलर म्हणतो बिल ग्वाल्हेर मेळ्यातून बनवतो, डिलिव्हरी इंदूरलाच घ्या. हे चालतं का, आणि नंबर एमपी ०९ मिळेल का?

नंबर एमपी ०७ चा मिळणार. सूट हवी तर गाडीचं परमनंट रजिस्ट्रेशन ग्वाल्हेर आरटीओतच होतं, त्याला इलाज नाही. राज्यभर तो नंबर चालतो, परत टॅक्स भरावा लागत नाही, फक्त शेजारी विचारतील की गाडी ग्वाल्हेरची कशी.

बाहेरच्या डीलरला ही सूट द्यायची असेल तर ग्वाल्हेर आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि मेळ्याच्या मैदानावर त्याचा प्रत्यक्ष स्टॉल लागतो. तुमच्या डीलरकडे दोन्ही आहे का ते विचारा, नुसतं 'हो जाएगा सर' वर बुकिंगचे पैसे देऊ नका. अजून एक, ही सूट आपोआप लागू होत नाही, दर वर्षी सरकारचा आदेश निघावा लागतो, कधी मेळा सुरू होऊन गेला तरी तो आलेला नसतो. आदेशाआधी बिल फाडून रजिस्ट्रेशन केलं तर पूर्ण टॅक्स गेला म्हणून समजा. आणि मेळ्यात नुसतं बुकिंग करून उपयोग नाही, वेटिंगवाली गाडी असेल तर मेळा उठायच्या आत ती हातात येऊन रजिस्टर होईल का हे लेखी घ्या.

खरं तर तुम्हाला एवढं लांब यायचं कारणच नाही. २०२४ पासून उज्जैनच्या विक्रमोत्सवातल्या व्यापार मेळ्यातही अर्ध्या टॅक्सची सूट मिळायला लागलीय, तिथे नंबर एमपी १३ चा मिळतो, आणि उज्जैन तुम्हाला तासा-दीड तासावर. घाई नसेल तर त्याची वाट बघा.

तुमच्या बिलावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला इन्कम टॅक्स, म्हणून १ टक्का, साधारण साडेतेरा हजार, वेगळे दिसतील. १० लाखांच्या वरच्या गाडीला ते लागतातच, डीलरची लबाडी नाही. रिटर्न भरताना ते तुमच्या टॅक्समध्ये धरले जातात, तेवढा टॅक्स बसत नसेल तर रिफंड येतो. पण मागायला विसरू नका, कितीतरी लोक तसेच सोडून देतात.

मुरारहून एक काकू: नवीन गाडी घेताना जुना पडून राहिलेला माल गळ्यात मारतात असं ऐकते, कसं ओळखायचं? आमच्या घरी गाडीतलं कोणाला काही कळत नाही.

काकू, यात गाडीतलं काही कळावं लागत नाही, डोळे आणि मोबाईलचा टॉर्च पुरतो. माझ्या भाचीची गाडी बघायला मी शिवपुरी लिंक रोडकडच्या एका यार्डात गेलो होतो, शोरूमचं नाव जाऊ द्या. गाडीवर एवढी धूळ की कुणीतरी बोटाने त्यावर नाव लिहिलेलं, बॅटरी मेलेली, दुसऱ्या गाडीला वायरी जोडून चालू केली. बरं म्हटलं, यार्डात होतं असं. मग खाली वाकून ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेवर टॉर्च मारला तर बोटभर जागेत रंग जरा जाड, नख फिरवलं तर खरखर लागली. सेल्समन म्हणे ट्रांसपोर्ट में हो जाता है सर, हमने करवा दिया. मी म्हटलं झालं असेल, पण मग दुसरी गाडी द्या. सहा दिवसांनी दुसरी आली.

हे जमलं कारण गाडी अजून रजिस्टर झालेली नव्हती. चासी नंबर एकदा आरटीओत गेला की ती गाडी तुमचीच, मग खरखर असो की आणखी काही. म्हणून उरलेले पैसे भरायच्या आधी यार्डात जायचं, चासी नंबराचा फोटो काढायचा आणि बिलावर तोच आहे का ते बघायचं. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात, ३८२५ असेल तर २०२५ सालचा ३८ वा आठवडा, पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. मीटरवर पन्नास-साठ किलोमीटर असतील तर ठीक, दोनशे-अडीचशे असतील तर टेस्ट ड्राइव्हला फिरवलीय का ते विचारा. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते फॉर्म २१ वर, म्हणजे सेल सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं. उद्या विकायला काढाल तेव्हा घेणारा हेच वर्ष धरून भाव करेल, तुम्ही कधी घेतली ते तो विचारणार नाही.

पडून राहिलेली गाडी वाईटच असते असं मात्र नाही हं. सहा महिन्यांची असेल, रंग आणि टायर चांगले असतील आणि भाव तसा कमी करत असतील तर मी स्वतः घेईन.

वडोदरा, रावपुरा: मुलाला नोकरी लागलीय, ६ लाखांचं लोन ५ वर्षांसाठी घ्यायचंय. शोरूममधला फायनान्सवाला ७ टक्के म्हणतो, आमची बँक ९ टक्के. मग ७ चंच घ्यायचं ना?

नाही. तो ७ फ्लॅट असणार, बँकेचा ९ रिड्यूसिंग, म्हणजे फक्त उरलेल्या रकमेवर. फ्लॅटमध्ये तुम्ही हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६ लाखांवरच लागतं. वर्षाचे ४२ हजार, पाच वर्षांचे २ लाख १० हजार, हप्ता १३,५००. बँकेच्या ९ टक्क्यांना हप्ता बसतो साधारण १२,४५५. पाच वर्षांत बासष्ट-त्रेसष्ट हजारांचा फरक, आणि बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्याचे ते ७ टक्के जवळपास साडेबारा होतात.

त्याला टक्का विचारूच नका. हप्ता किती, प्रोसेसिंग फी किती, आणि मधेच लोन फेडलं तर दंड किती, हे तीन आकडे कागदावर मागा. बँकेकडून सँक्शन लेटर आधीच घ्या आणि ते खिशात ठेवून शोरूमला जा, पण गाडीचा भाव पक्का होईपर्यंत बाहेर काढू नका. तोपर्यंत त्यांना वाटू दे की लोन त्यांच्याकडूनच घेताय, भाव जरा सैल सुटतो.