‘व्होल्टेज-नियंत्रित आयन वाहिनी’ म्हणावं का?

विचारणा अशी आहे की, जीवशास्त्राच्या मराठी टिपणात ‘व्होल्टेज-गेटेड आयन चॅनल’साठी ‘व्होल्टेज-नियंत्रित आयन वाहिनी’ लिहिलं तर चालेल का.

‘वाहिनी’ चालेल. रक्तवाहिनीमुळे लांबलचक नळी डोळ्यांपुढे येते, प्रत्यक्षात ते पेशीपटलात आरपार बसलेलं, आयनांना (विद्युतभारित अणूंना) ये-जा करू देणारं एक प्रथिन असतं, एवढंच. ‘मार्गिका’ मेट्रोवाल्यांनी आधीच नेली आहे. मी चॅनलच म्हणतो.

हरकत आहे ती ‘नियंत्रित’ला. ‘गेटेड’मधलं गेट म्हणजे चॅनलचं उघडणारं-मिटणारं दार. चॅनलांचे प्रकार पाडतात ते आतून कोणता आयन जातो आणि दार कशाने उघडतं यावरून. चेतापेशीतला सोडियम चॅनल व्होल्टेज बदललं की उघडतो, स्नायूवरचा ॲसिटिलकोलीन हे चेतांचा निरोप नेणारं रसायन चिकटलं की, आणि पिझो नावाचा चॅनल पटलावर ताण आला की. नियमन हा त्याच्या पुढचा भाग. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात बिघडतो तो सीएफटीआर हा क्लोराइड चॅनल बघा. दार उघडतं एटीपी (पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन) चिकटल्यावर, पण आधी प्रोटीन कायनेज-ए या विकराने त्याच्यावर फॉस्फेट चढवलेलं असावं लागतं. दोन्हीकडे ‘नियंत्रित’च लिहिलंत तर विद्यार्थ्याने काय समजायचं?

असाच घोळ ‘बंद’चा. चेतापेशीचं आतलं व्होल्टेज विश्रांतीत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतं. ते शून्याकडे सरकलं की सोडियम चॅनल उघडतो आणि एक-दोन मिलिसेकंदांत, व्होल्टेज खाली आलेलं नसतानाही, अडतो. त्याचाच एक तुकडा आतल्या बाजूने वाट अडवतो. हा ‘निष्क्रिय’ चॅनल, ‘बंद’ नव्हे. बंद चॅनल लगेच उघडू शकतो, निष्क्रिय चॅनलला व्होल्टेज पूर्ववत होईपर्यंत थांबावं लागतं. दाताच्या डॉक्टरांचं बधिर करणारं औषध लिडोकेन उघड्या आणि निष्क्रिय चॅनलला जास्त घट्ट धरतं, म्हणजे हा फरक नुसता कोशातला नाही. (हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवरून ही उघडझाप समीकरणांत बसवली, तेव्हा चॅनल हे प्रथिन कोणी वेगळंही काढलं नव्हतं. कमाल आहे!)

तेव्हा ‘व्होल्टेज-गेटेड’ तसंच ठेवा, नाहीतर ‘व्होल्टेजने उघडणारा’ लिहा. दुसऱ्या पर्यायाचा फायदा टीआरपीव्ही१ या चॅनलच्या बाबतीत दिसतो. हा मिरचीतल्या तिखट कॅप्सेसिनने उघडतो आणि साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही. त्याला एकाच खणात कोंबण्यापेक्षा ‘कॅप्सेसिनने किंवा उष्णतेने उघडणारा’ लिहून मोकळं व्हावं.