आवळा-सुंठीच्या गोळीची वरची चकती का सुटते?

प्रश्न: आमचा बचतगट आवळा, सुंठ आणि ज्येष्ठमधाच्या चावून खायच्या गोळ्या करतो. चूर्ण आणि पिठीसाखर एकत्र करून थेट गोळ्या पाडायच्या यंत्रात घालतो. गोळीची वरची चकती सुटते, दाब वाढवला तर जास्तच. पावसाळ्यात माल पंचाला (यंत्राच्या दाबणाऱ्या दांड्याला) चिकटतो. काय करावे?

उत्तर: आधी दाब कमी करा. बारीक चूर्णात हवा अडकलेली असते आणि झाडपाल्याचे तंतू दाबले तरी पुन्हा फुगू पाहतात. पंच उचलला की दोन्ही मिळून वरचा थर उचकटतात. त्यावर खरा उपाय म्हणजे चूर्णाचे दाणे करून घेणे.

एक किलोचे प्रमाण असे धरा: आवळा 250 ग्रॅम, सुंठ 30, ज्येष्ठमध 20, मॅनिटॉल (साखरेसारखी गोड पूड) 480, पिठीसाखर 180, सैंधव 10, बाभळीचा डिंक 20, मॅग्नेशियम स्टिअरेट (माल यंत्राला चिकटू न देणारी पूड) 7, कोलॉइडल सिलिका (दाणे मोकळे वाहते ठेवणारी बारीक पूड) 3. मॅनिटॉल तोंडात गारवा देते आणि सहसा ओल धरत नाही; साखरेपेक्षा ते जास्त ठेवण्याचे कारण हेच. चूर्णे 80 नंबरच्या चाळणीतून (नंबर म्हणजे एका इंचातली भोके; नंबर मोठा तितकी चाळणी बारीक) काढा, नाहीतर चावताना चोथा लागतो.

डिंक सुमारे 70 मिली पाण्यात विरघळवून चूर्णे, मॅनिटॉल, साखर आणि सैंधवाच्या मिश्रणात थोडाथोडा घाला. मूठ आवळली की गोळा टिकावा आणि बोटाने दाबताच स्वच्छ फुटावा, तिथे थांबा. साखर पाण्यात लगेच विरघळते, त्यामुळे चार चमचे जास्त झाले तरी लगदा होतो. 12 नंबरच्या चाळणीतून काढून 50 अंश सेल्सिअसला वाळवा. ओलावा 2 ते 3 टक्के हवा. त्याहून जास्त राहिला तर माल पंचाला चिकटतो, आणि अगदी कोरडाठाक केला तर चकती पुन्हा सुटू लागते! मग 20 नंबरची चाळणी.

सिलिका आणि स्टिअरेट अगदी शेवटी घाला आणि दोन-तीन मिनिटेच मिसळा. जास्त घोळले की स्टिअरेटचा थर दाण्यांवर बसतो, दाणे एकमेकांना धरत नाहीत आणि गोळी भुसभुशीत होते.

पावसाळ्यात खोलीची आर्द्रता 45 टक्क्यांखाली ठेवा. आर्द्रताशोषक यंत्र नसेल तर त्या दिवसांत गोळ्या पाडूच नका. भांडी स्टीलचीच हवीत, लोखंडाला लागला की आवळा काळा पडतो.

प्रश्न: वेष्टनावर ‘मधुमेह बरा होतो’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर: मुळीच नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) परवान्यावर खाद्यपदार्थ विकताना रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. आयुर्वेद आहारासाठी (आयुर्वेदाच्या ग्रंथांनुसार केलेल्या खाद्यपदार्थांसाठी) 2022 ची स्वतंत्र नियमावली आहे, ती आधी वाचा. तुमच्या गोळीत साखर आहे, तेव्हा मधुमेह्यांना ती सुचवणे तर घातकच. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाचे रुग्ण आणि गर्भवतींसाठी सूचना ठळक छापा. मॅनिटॉल जास्त पोटात गेले तर जुलाब होतात, तेही लिहा.